यांचं पीठ कोणी पाहायचं?

आमच्या नागभीडकडे माणूस गेला की त्यानं जिथं प्राण सोडला ती जागा दहाव्याच्या संध्याकाळी शेणानं सारवतात. तिच्यावर तांदळाचं पीठ चाळणीनं पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वरून टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटलं ते पाहायचं. गाईचं खूर दिसलं तर माणूस गाईच्या जन्माला गेला, पाखराचा पाय दिसला तर पाखराच्या. पण पिठावरची रेघ काही बोलत नाही, ती कोणाला तरी वाचावी लागते. गावात ती यांना वाचता यायची. यांना म्हणजे माझ्या यजमानांना, गुणवंतरावांना. निदान गाव तसं समजत असे. खरंच यायची की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

माझं शाळेतलं शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये झालं. रोज झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेब देवाला द्यावा आणि वहीलाही द्यावा, असं तिथल्या सिस्टरांनी शिकवलं. देवाचं कधी राहून गेलं असेल, वहीचं राहिलं नाही. तरी सगळं आयुष्य ज्यांच्याबरोबर काढलं त्यांच्याबद्दल एवढी एक गोष्ट मला ठाऊक नाही. वह्या चाळून झाल्या. 'आज यांनी अमक्याचं पीठ पाहिलं, मोर निघाला' असं मी लिहिलेलं आहे. यांना मोर दिसला का, ते लिहिलेलं नाही. ते मला कधी कळलंच नव्हतं, तर लिहिणार काय?

हे नोकरीला आलापल्लीच्या लाकूड डेपोत होते. सागाच्या ओंडक्यांवर सरकारी शिक्क्याचा हातोडा मारायचा आणि गाड्या सोडायच्या, हे यांचं काम. एकदा आमच्या परसातल्या भोपळ्यावर यांनी तो शिक्का उठवला आणि भोपळा बैलगाडीतून एका मित्राकडे पाठवला. नाक्यावरच्या नव्या शिपायानं गाडी अडवली. सरकारी शिक्का आहे, तर पास दाखवा. गाडीवान म्हणे हा भोपळा आहे. शिपाई म्हणे ते मलाही दिसतं, पण शिक्का आहे. भोपळा नाक्यावर तीन दिवस राहिला. शेवटी हे स्वतः गेले आणि शिपायाला घेऊन तिथंच त्याची भाजी करून खाल्ली. तो शिपाई पुढं जन्मभर यांचा मित्र झाला. यांच्या बहुतेक मैत्र्या अशाच कुठल्या तरी फजितीतून झाल्या.

वारलूची तशीच झाली. वारलू एटापल्लीच्याही पलीकडे, सूरजागडच्या डोंगराखालच्या एका माडिया आदिवासींच्या गावचा. डेपोत ओंडके ओढायला यायचा. पहिल्याच दिवशी यांनी त्याला गंभीरपणे सांगितलं, की साहेबासमोर डावा पाय पुढं टाकून चालायचं असतं. वारलूनं आठवडाभर ते पाळलं आणि मग सगळ्या मजुरांना शिकवलं, की गुणाबाबूसमोर उलटं चालायचं असतं. एके सकाळी हे डेपोत गेले तर वीस माणसं यांच्याकडे पाठ करून चालत येत होती. त्या दिवसापासून दोघांचं जुळलं. हे सुट्टी काढून त्याच्या गावी जाऊन राहायचे. मी कधी गेले नाही. मुलांची शाळा होती, आणि खरं तर मला तिथल्या वाटांची भीती वाटायची.

पीठ पाहणं सुरू झालं ते निवृत्तीनंतर, नागभीडला आल्यावर. शेजारच्या लटारू शिंप्याची आई गेली. टोपली उचलली तर पिठात काहीतरी खरवडल्यासारखं होतं. कोणाला काही कळेना. हे सहज म्हणाले, ही तर सुईची रेघ आहे, म्हातारी तुझ्या मशीनजवळच बसून आहे. लटारू ढसाढसा रडला आणि मग जेवला. तो बरेच दिवस नीट जेवला नव्हता. तेव्हापासून कुठंही दहावं असलं की यांना बोलावणं यायचं. हे धोतर बदलून जायचे, वाकून पाहायचे, बराच वेळ पाहायचे. तेवढ्या वेळात मात्र थट्टा नसायची. मी घरी चहा करत बसायचे. सिस्टरांनी असल्या गोष्टींना अंधार म्हटलं होतं.

एकदा मी स्पष्ट विचारलं, "तुम्हाला दिसतं का काही?" हे म्हणाले, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, नसावं. हे म्हणाले, "मग नसेल." आणि पान लावायला लागले.

गेल्या पौषात हे गेले. छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटलं, तर यांनी ती आधी इंदूला, आमच्या नातीला, वेडावून दाखवली आणि मग डॉक्टरांना. दुपारी अंगणातल्या खाटेवरच गेले. इंदूशी मेल्याचं सोंग करायचा यांचा नेहमीचा खेळ होता. ती तळपायाला गुदगुल्या करायची आणि हे खो खो हसत उठायचे. त्या दुपारी तिनं बराच वेळ गुदगुल्या केल्या. कोणी तिला उठवलं नाही. मलाही, खोटं कशाला सांगू, वाटत होतं की थोडं थांबून पाहावं.

दहाव्याच्या दुपारी वारलू आला. लाकडाच्या गाडीवाल्याकडून त्याला निरोप कळला होता. आलापल्लीपर्यंत पायी, तिथून ट्रकवर चांद्याला आणि मग रेल्वेनं इथं. अंगणात उकिडवा बसला, पाणी प्यायला आणि यांच्या खुंटीवरच्या टोपीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, बाबूले न्याले आलो."

त्याच्या गावात गेलेल्या माणसाच्या नावानं उभा दगड रोवतात. हे त्याला म्हणे अनेकदा सांगायचे, मी मेलो की मले तुह्या गावात रोवजो. गावानं हो म्हटलं होतं. पण माणूस बाहेरचा, म्हणून दगडाखाली त्याच्या राखेची मूठ पाहिजे, आणि ती घरच्यांनी आपल्या हातानं दिली पाहिजे. चोरून नेलेल्या राखेवर दगड उभा राहत नाही, असं तो म्हणाला.

आमचा मुलगा दिगांबर नागपूरहून आलेला होता. अस्थी मार्कंड्याला, वैनगंगेत सोडायचं त्यानं ठरवलं होतं. बापूजी त्याला तसं म्हणाले होते. त्यानं वारलूला हाकललं नाही, मानानं बसवलं, पण समजावून सांगितलं, की बापूजी दिवसातून दहा गोष्टी बोलायचे, त्यातल्या नऊ हसण्यासाठी. हे खरं होतं. न्हाव्याला हे म्हणाले होते, मला तुझ्या खुर्चीखाली पूर. इंदूला म्हणाले होते, मी परसातल्या आंब्यावर जाऊन बसेन. वारलू म्हणाला, "मंग मार्कंड्याचं काऊन खरं मानतेस, भाऊ?" दिगांबरनं परसातल्या आंब्याला टांगलेल्या अस्थींच्या मडक्याकडे पाहिलं.

तेव्हा रुखमाबाई बोलल्या. या यांच्या मोठ्या बहीण. त्या म्हणाल्या, "पिठालेच इचारा. साऱ्या गावाचं त्यानं पिठात पाहून ठरवलं. त्याचंबी तसंच ठरू द्या."

दिगांबर जरा वैतागून म्हणाला, की पिठात दगड उमटला तर नेऊ दे राख, माझी हरकत नाही. त्यानं हे का म्हटलं ते सगळ्यांना समजलं. पिठात गाय निघते, पाखरू निघतं, मूल निघतं. दगड कोणी पाहिलेला नाही. वारलूनं मान डोलावली.

संध्याकाळी पीठ पसरताना माझ्या मनात आलं, की हे पाहायचं कोणी? पाहणारा तर गेला. रुखमाबाईंना विचारलं, तुमचा भाऊ तुम्हाला काही शिकवून गेला का? त्या म्हणाल्या, "मले तं सांगे, ताई, लख्ख दिसते, अंगावर काटा येते माह्या." त्यावर पडवीतून वारलू म्हणाला, की त्याला यांनी अगदी दुसरंच सांगितलं होतं. त्यानंही विचारलं होतं, बाबू, तुले दिसते का? तर म्हणे, "मी पिठाकडं पाहतच नाई. पाहणाऱ्याच्या तोंडाकडं पाहतो." रुखमाबाई चिडल्या. असं बोलणार नाही माझा भाऊ, म्हणाल्या. वारलू म्हणाला, "तुमचा भाऊ काय बोलनार नाई, ते सांगा मले एक."

मी टोपली ठेवली. बहिणीला एक, मित्राला दुसरं, आणि मला 'तुला काय वाटतं'. तिघांत कोण यांच्या जास्त जवळचं, हे मी त्या वेळी मोजत होते, आणि अशा दिवशी असलं मोजल्याची लाजही वाटत होती.

सकाळी अंगणात माणसं जमली. लटारू आला, यांनी ज्यांची पिठं पाहिली होती त्यांच्यातले बरेच आले. दिगांबरनं टोपली उचलली. पिठात एका बाजूला वाटोळा उथळ खळगा होता आणि त्यातून निघालेली एक वाकडी रेघ. रुखमाबाई म्हणाल्या, नंदीचं खूर. दिगांबर म्हणाला, उंदीर शिरला असेल. इंदू म्हणाली, आजोबांच्या चष्म्याची काच. मग एकेक जण माझ्याकडे पाहायला लागला. लटारू म्हणाला, "बाई, तुमीच सांगा आता. इतकी वर्सं संगं होतात."

मी वाकले. सिस्टरांची आठवण झाली. मला खळगा दिसला आणि रेघ दिसली, दुसरं काही नाही. बराच वेळ गेला. मग वारलूचं बोलणं आठवलं आणि मी मान वर करून तोंडांकडे पाहिलं. तेही मला वाचता येईना. दिगांबरच्या तोंडावर काय होतं? थकवा? की मी उंदीर म्हणावं अशी आशा? रुखमाबाईंचे डोळे मिटलेले होते. एकटा वारलू पिठाकडे पाहत नव्हता. त्यानं आपली पिशवी खांद्याला लावून घेतली होती, वहाणा पायात चढवल्या होत्या आणि तो फाटकाकडे पाहत होता. त्याचं उत्तर त्याला मिळालेलं होतं. आल्या वाटेनं तो रिकाम्या हातानं परत जायला तयार होता.

मी म्हटलं, "दगड आहे."

रुखमाबाईंनी डोळे उघडले. "दगडाच्या जन्माले कोनी जाते का?"

"आमच्याकडं जाते," वारलू फाटकातूनच म्हणाला.

कोणीतरी हसलं. त्या घरात अकरा दिवसांत पहिल्यांदा कोणी हसलं असेल. दिगांबर माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, तुला खरंच दिसला?"

"तुझ्या बापूजींना दिसायचा तसा दिसला," मी म्हटलं.

मग स्वतः जाऊन आंब्याला टांगलेलं मडकं त्यानं खाली घेतलं. राखेची मूठ मी माझ्या हातानं वारलूच्या फडक्यात बांधली. बाकीचं मार्कंड्याला गेलं. पीठ चाटायला गाय तिथंच आणली. गाईनं ते चाटायच्या आधी मी एकदा पुन्हा वाकून पाहिलं, आणि त्या वेळी मला खळगा खरोखर दगडासारखा वाटला. आधीही तसाच होता का, हे सांगता येत नाही.

चैत्रात मी वारलूच्या गावी गेले. ज्या वाटांची जन्मभर भीती वाटली होती त्यांवर मोहाची फुलं पडली होती आणि बायका ती वेचत होत्या, बाकी भिण्यासारखं काही नव्हतं. गावाबाहेर उभे दगड होते. यांचा सगळ्यात नवा, माझ्या खांद्याएवढा, थोडा एका अंगाला कललेला. मी म्हटलं, हा तिरपा का? वारलू म्हणाला, सरळ रोवला होता, मग बाबूनं बसायची बैठक बदलली असेल.

तिथं सोनीबाई नावाची एक म्हातारी होती. तिच्या नवऱ्याचा दगड यांच्या दगडाजवळच आहे. तिनं माझा हात धरला, मला वरखाली पाहिलं आणि म्हणाली, "थे लिहिनारी बाई तूच का?" मी हो म्हटलं. यांनी तिलाही पिठाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि तिनंही तेच विचारलं होतं, तुले खरंच दिसते का रे? हे तिला म्हणाले होते, "मले नाई माहीत, सोनीबाई. खरं खोटं माह्या घरच्या बाईले माहीत आहे. ती सारं लिहून ठेवते."

मी दगडाकडे पाहिलं. थट्टा होती का ही? असेल. नसेलही. सोनीबाई उत्तराची वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते या वेळी मला दिसलं, किंवा दिसलं असं वाटलं.

"हो," मी म्हटलं, "मला माहीत आहे."

ती समाधानानं मान हलवत निघून गेली. परतीच्या वाटेवर वारलू पुढं चालत होता. नाल्याशी आल्यावर म्हणाला, "मंग काय होतं बाई, खरं?"

मी म्हटलं, "चल, ऊन चढलं."