चढावरचा तांब्या

कंपनीच्या लॉरीत पहिल्या दिवशी पाय ठेवला, तेव्हा एका धिप्पाड, मिशाळ माणसानं माझ्या तळहातावर कापसाचे दोन बोळे आणि एक लिमलेटची गोळी ठेवली.

"बोळे कानात, गोळी तोंडात," तो म्हणाला. "तोंड हालवत ऱ्हायचं. म्हंजी कान फुटत न्हाईत."

लॉरी कासारवाडीच्या स्टेशनापासून पिंपरीच्या कारखान्यापर्यंत जायची. वाटेत डोंगर नाही, दरी नाही. मी नुकताच बी.एस्सी. झालेलो. वडील माणदेशात मेंढरं राखायचे, घरात सही करू शकणारा मी पहिला. हे मी तेव्हाही छाती काढून सांगत असे, आजही सांगतो. अशा माणसाच्या कानात कापूस!

"अहो, ही लॉरी आहे," मी म्हणालो.

"ठाव हाय. पर सवय असलेली बरी," असं म्हणून तो पुढच्या माणसाकडे वळला. आमचे भांडारपाल भालेराव अंगानं भारी होते. त्यांना त्यानं दंडाला धरून ड्रायव्हरच्या पाठीशी नेऊन बसवलं. "तुमी फुडं. शेपूट जड झाली तर उठायची न्हाई." भालेराव रोज चिडायचे आणि रोज पुढे जाऊन बसायचे.

हे हवालदार मारुती शिंदे. फौजेतून सुटून आलेले आणि कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याचे जमादार झालेले. गाव महाळुंगे. आठवडाभर कासारवाडीत खोली घेऊन राहायचे, सुट्टीला आईकडे जायचे. खोलीत दुसऱ्या खाटेला माणूस हवा होता, तो मी झालो. मला ते पहिल्या दिवसापासून 'ग्रॅज्वेटसाहेब' म्हणायचे. थट्टा असायची, पण कुणी पाहुणा आला की तेच माझी ओळख करून द्यायचे आणि 'ग्रॅज्वेट' शब्दावर मिशीला हात लावायचे.

कापसाचं कोडं पहिल्याच आठवड्यात सुटलं. काश्मीरच्या लढाईत त्यांची तुकडी दिल्लीहून श्रीनगरला विमानानं नेली होती. एरवी प्रवासी नेणारं पंख्याचं डाकोटा विमान, घाईत फौजेसाठी घेतलेलं. ही हकिकत हवालदार जेवताना सांगायचे. हातातला घास ताटावर तसाच राहायचा.

"इमान कसलं, शेठलोकांचं हुतं! खुर्च्या उपटून टाकल्याल्या, पर पडदं तसंच. फुलाफुलांचं. आमी बंदुका घेऊन खाली बुडावर, आन् डोक्याशी फुलांचं पडदं. मला कळंना, लढाईला निघालोय का वऱ्हाडाला! दाराशी एका पेटीत शेठलोकांच्या कानासाठी ठेवल्याला कापूस आन् गोळ्या शिल्लक. सुभेदार म्हणला, वाटून खा, पुन्हा गावंल न गावंल."

मग तांब्या यायचा. डाकोटाच्या शेपटीखाली बारकं चाक असतं, त्यामुळे ते जमिनीवर उभं असलं की नाक वर आणि शेपूट खाली. दार मागे. आत शिरलं की पुढे जायला चढण चढावी लागते. त्या चढणीवर सुभेदाराचा पितळी तांब्या सुटला आणि गडगडत शेपटीकडे गेला. दाटीवाटीत कुणाला उठता येईना.

"निम्मी तुकडी वकतेय, निम्मी देवाचं नाव घेतेय. आन् श्रीनगर आलं तवा त्योच तांब्या आपला आपण निघाला की! आमच्या पायांमधनं गडगडत वर चढला आन् पायलटच्या दारावर..." इथं हवालदार पळीनं ताटावर वाजवायचे. "टण्ण!"

मी ही हकिकत इतक्या वेळा ऐकली, की पळी उचलली की मी आमटीचं भांडं बाजूला घ्यायचो.

महाळुंग्यात मात्र तिची पार वाट लागली होती. लोकांना विमान पटलं होतं, पडदेही पटले होते. तांब्या कुणाला पटेना. हवालदार एस.टी.तून उतरले की पारावरून आवाज यायचा, "काय हवालदार, चढला का तांब्या माळावर?" "राव, आमचा रांजण बी जरा वर घेऊन जायला सांगा त्याला!" हवालदार हसून पुढे जायचे. त्यांना पाराचं काही नव्हतं. त्यांना आईचं होतं.

सोनाबाई म्हणजे काडीसारखी म्हातारी, पण शब्द उखळात मुसळ पडल्यासारखा. नवरा लवकर गेला. तिनं एकटीनं पोर वाढवलं ते एका नियमावर. खोटं बोललास तर उंबऱ्याबाहेर. लहानपणी हवालदार एकदा खोटं बोलून रात्रभर गोठ्यात झोपले होते. पहिल्या सुट्टीत त्यांनी तिला विमानाची हकिकत सांगितली, तेव्हा ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "लढाईवर गेलास, जित्ता आलास, मी भरून पावले. त्यात आनिक खोटं कशाला रं घालतोस?"

"मेडल हाय माझ्याकडं," हवालदार मला म्हणाले, "पर आयेनं एकदा व्हय म्हणावं, बस. डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय तिच्या. दिसतंय तवर पटवाय पायजे."

मी शिकलेला माणूस. म्हटलं, हे काम माझं. एका रविवारी महाळुंग्याला गेलो, म्हातारीपुढे बसलो आणि जडत्वाचा नियम सोप्या मराठीत समजावून दिला. कोणतीही वस्तू आपणहून जागची हलत नाही, वगैरे.

म्हातारीनं शांतपणे ऐकलं आणि लेकाकडे पाहिलं. "बघ. तुझा शिकलेला मानूस बी माझ्याच बाजूनं बोलतोय."

परतताना हवालदार एस.टी.त माझ्याशी बोलले नाहीत. गोळी मात्र दिली.

मग बातमी आली की लोहगावच्या विमानतळावर एक दिवस लोकांना विमानं बघायला सोडणार आहेत आणि त्यात डाकोटाही आहे. हवालदारांनी दोन रात्री धड झोप घेतली नाही. आईला एस.टी.चा वास सोसत नसे, म्हणून शेजाऱ्याची बैलगाडी मागून घेतली. मोशी, भोसरी, दिघी करत आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. म्हातारीनं घरातला पितळी तांब्या फडक्यात बांधून बरोबर आणला होता. "नुसतं बघाय न्हाई आले," ती म्हणाली. "पारख कराय आलेय."

शिडीशी तिनं वहाणा काढल्या. दारातला तरुण शिपाई हिंदीत म्हणाला, "माताजी, पहनके आइए." ती म्हणाली, "असूं दे बाबा, वाहन म्हंजी लक्ष्मी." आत शिरताच तिनं हातानं जमीन चाचपली. चढ होता. हवालदारांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं.

"पडदं कुठं हायत?"

"आये, ह्ये फौजेचं हाय. त्ये शेठलोकांचं हुतं."

"बरं." ती चढून पुढे गेली, पार पायलटच्या दारापाशी. फडकं सोडलं, तांब्या आडवा ठेवला आणि हात काढला. तांब्या गडगडत लोकांच्या पायांमधून शेपटीपर्यंत गेला आणि तिथं जाऊन निजला.

"हां," म्हातारी म्हणाली आणि बाजूच्या बाकावर मांडी घालून बसली. "आता बोलव वर."

"आये, इमान चाललं पायजे..."

"मी हाय की बसल्याली. येऊं दे सावकाश."

मागे रांग खोळंबली. कुणी तरी ओरडलं, "आजी, बिऱ्हाड केलं का काय?" शिपाई हसत होता. हवालदार शेपटीकडच्या तांब्याकडे असे बघत होते, की माझी खात्री आहे, त्या क्षणी त्यांनी तांब्याला नवससुद्धा बोलला असेल. तांब्या हलला नाही. शेवटी मीच जाऊन तो उचलून आणला.

परतीला गाडी हाकायला हवालदारच पुढे बसले. हवालदारांनी कापूस काढला नाही, गोळी दिली नाही. त्यांच्याबरोबरच्या इतक्या प्रवासांत असं पहिल्यांदाच घडलं. मला वाटलं, हा माणूस पुन्हा कधी ती हकिकत सांगणार नाही. आणि मला, खरं सांगतो, पळीचा तो आवाज आतापासूनच आठवायला लागला.

दिघीचा चढ लागला. तांब्या मी पाठीमागे कडब्यावर ठेवला होता, तो घरंगळून गाडीच्या मागच्या फळीला जाऊन टेकला. चढ संपला, बैलांनी मान खाली घातली आणि उतार सुरू झाला. तांब्या जरा डुगडुगला. मग निघाला. माझ्या पायाला घासून, म्हातारीच्या गुडघ्याला वळसा घालून, हवालदारांच्या पाठीमागच्या फळीवर आदळला.

टण्ण!

बैल बिचकले. हवालदारांनी मागे वळून पाहिलं. म्हातारी तांब्याकडे बघत होती.

"मारुती, गाडी फिरव. पुन्ना वर घे."

घेतली. तांब्या मागे गेला. उतारावर आणली. तांब्या पुढे आला. टण्ण. बैलांना काही कळेना.

"मेल्या," म्हातारी हळूच म्हणाली, "तुझं इमान तवा उतरत हुतं व्हय?"

"उतरतच हुतं की, आये! श्रीनगर आलं हुतं!"

"मग नाक खाली केलं असंल त्यानं."

"केलं हुतं की!"

"मग तसं बोल की रं! इतकी वर्सं नुसता चढला, चढला करतोयस! उतारावरनं आला म्हणायला तुझ्या जिभंला काय काटा टोचत हुता?"

हवालदारांनी कासरा सोडून दिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, ते मी विचारलं नाही. मग त्यांनी खिशात हात घातला, तिघांना गोळ्या दिल्या आणि दोन्ही बैलांनाही एकेक चारली. मी मात्र जडत्वाबद्दल त्या दिवसापासून कुणाशी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आपणहून पारावर गेली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या लेकाला कोन खोटा म्हंतोय, त्यानं तांब्या घेऊन माझ्यासंगं दिघीच्या उतारावर यावं." कुणी गेलं नाही. दिघी लांब होती.

पुढे मला नागपूरला बरी नोकरी लागली. निरोप घ्यायला महाळुंग्याला गेलो. म्हातारीला आता माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा, पण ओसरीवर शेजारच्या सुना जमवून ती रंगात आली होती. हवालदार खांबाला टेकून ऐकत होते.

"शेठलोकांचं इमान, फुलाफुलांचं पडदं," म्हातारी सांगत होती. "आमी आपलं खाली बुडावर. सारी वकत्यात. मी म्हणलं, घाबरू नगा, तोंड हालवत ऱ्हावा. आन् आमी उतराय लागलो तवा त्यो तांब्या..."

मी हवालदारांच्या कानाशी वाकून म्हणालो, "आजी कधी गेल्या हो श्रीनगरला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून लिमलेटची गोळी काढली आणि सरळ माझ्या तोंडात घातली.

"तोंड हालवत ऱ्हा, ग्रॅज्वेटसाहेब," ते म्हणाले आणि पाठीशी धरलेली पळी काढून आईच्या हातात दिली.