धरणावरच्या बोटीतले दोन आकडे

तुळशीराममामांचं नाव आधी लिहून ठेवतो. पुढचं सांगताना धीर सुटला तर निदान नाव तरी राहून जायला नको. इगतपुरीच्या पलीकडच्या एका धरणावर ते मोजणीची बोट चालवायचे. माझं काम त्यांनी वाचवलं. आता काय झालं ते सांगतो.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. देवगडात ट्रॉलरांवर खोली दाखवणारी यंत्रं बसवणाऱ्या एका मालकाकडे मी हाताखाली होतो. शाळा आठवीत सुटलेली. धरणात गाळ किती साठलाय ते मोजणाऱ्या बोटीवर नवं यंत्र बसवायचं काम आलं आणि नेमकी मालकांची कंबर धरली. म्हणून मला एकट्याला धाडलं. निघताना म्हणाले, "जमला तर फुडची घाटावरची सगळी कामां तुझी. नाय जमला तर परत बोटी घासूक बस." बोटी घासणं म्हणजे काय ते आपल्या माणसांना सांगायला नको. बोटींच्या तळाला चिकटलेल्या धारदार कालव्यांचे वण माझ्या हातांवर अजून आहेत.

कणकवलीहून ठाणे, तिथून कल्याण, आणि पुढे नाशिककडे जाणारी गाडी. पेटी पूर्ण वाट मांडीवर. कसाऱ्याला घाट चढायला गाडीच्या मागे आणखी इंजिनं जोडली, तेव्हा धक्का बसला आणि मी पेटीवर अक्षरशः आडवा झालो. समोर देवळाली कॅम्पला निघालेले एक निवृत्त हवालदार बसले होते.

"काय आहे रे पेटीत? तान्हं मूल असल्यासारखा धरून बसलायस."

"पाण्याची खोली मोजायचं यंत्र."

"डोंगरात?" ते इतके हसले की शेजारचेही हसले. त्यांनी पुढे केलेली चिक्की मी घेतली नाही. गुंगीचं औषध असलं तर? पुढे तीच चिक्की त्यांनी स्वतः खाल्ली, तरी माझा संशय जाईना. घरापासून इतका लांब मी कधी आलोच नव्हतो.

इगतपुरीला उतरलो तर हवेत गारवा. जीपमधून धरणाकडे जाताना दोन्ही बाजूंना भाताची सोंगणी (आपल्याकडची कापणी) चाललेली. मग एका वळणावर पाणी दिसलं, डोंगरांच्या मधे पसरलेलं, निळं, आणि मला ते बघून कसंतरीच झालं. एवढं पाणी आणि खाऱ्याचा वास नाही! लाट नाही, भरती नाही. पाणीसुद्धा काहीतरी लपवतंय असं वाटलं.

मोजणीचे साहेब काठावर उभे होते. पहिलाच प्रश्न, "शिक्षण?"

"आयटीआय," मी म्हणालो. खोटं. साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

काम असं होतं. बोटीवर दहा-बारा वर्षांपूर्वीचं जुनं यंत्र होतं, धडधाकट. मागच्या सगळ्या मोजण्या त्याच्यावरच्या, म्हणून ते काढायचं नव्हतं. नवं यंत्र शेजारी लावायचं आणि दोघांचे आकडे एकाच नव्या पडद्यावर आणायचे. आता जुनं यंत्र दोन तारांवरून सावकाश बोलतं. नव्या यंत्रांची रीत वेगळी. एक जाड केबल, तिला सगळी यंत्रं फांद्यांसारखी जोडायची आणि सगळी एकत्रच बोलतात. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, म्हणून मधे एक छोटी डबी लावतात. मालक तिला दुभाष्या म्हणायचे. मी दुभाष्या बसवला, नव्या यंत्राचा डोळा पहारीच्या टोकाला लावून ती बोटीच्या कडेला पाण्यात उभी बांधली, वीज इंजिनाच्या बॅटरीवरून घेतली. नांगरावर उभ्या बोटीत पडद्यावर आकडा आला, ३.७ मीटर. पडदा एका वेळी एकाच यंत्राचा आकडा दाखवायचा, तो नव्याचाच असं मी धरून चाललो. मला रडूच यायचं बाकी होतं.

बोटीवर तुळशीराममामा. पन्नाशीचे, काळे, किडकिडीत. बोलणं कमी. हातात खुणांच्या गाठी मारलेली दोरी, टोकाला शिशाचा गोळा. यंत्रं यायच्या आधी ते तिच्यानेच खोली घ्यायचे आणि परसात सांगायचे (परस म्हणजे माणूसभर खोली, आपल्या वावेचा भाऊ). मला वाटलं, या माणसाला माझं यंत्र नको असणार. ते आलं म्हणजे यांची उरलीसुरली दोरीही गेली.

दुपारी वारा काठाकडचा, म्हणून मामांनी इंजिन न लावता वल्ह्यानेच बोट काठाला आणली आणि मी जेवायला उतरलो. मामांच्या घरून आलेली नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरासणीची (कारळ्यांची) चटणी त्यांनी न विचारता अर्धी माझ्यापुढे सरकवली, आणि स्वतः बोटीवर गेले. थोड्या वेळाने ते बोट घेऊन मला न्यायला आले. परत त्याच जागी, त्याच नांगरावर बोट बांधली. पडद्यावर ४.२.

पाणी अर्धा मीटर चढलं? धरणात?

मी सगळं बंद करून चालू केलं. ३.७. तसाच चहाला उतरलो, मामा न्यायला आले, पुन्हा ४.२. पुन्हा बंद-चालू केलं, ३.७. तिसऱ्यांदा मी मुद्दाम काठावर झाडाआड थांबून पाहिलं. मामा बोटीत वाकले होते. मी चढलो, बोट त्याच नांगरावर आली. ४.२.

साहेब आणि दोन मजूर तेवढ्यात आले. साहेबांनी आकडा पाहिला, वहीतला सकाळचा पाहिला. "जुनाच माल रंगवून आणलायस का रे? उद्या सकाळी तपासणी. दोन आकडे जुळले नाहीत तर पेटी उचल आणि चालू लाग."

माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मामा एकटे असले की आकडा बदलतो. हे डबीला हात लावतात. तीनदा पाहिलंय मी."

एक मजूर फिसकन हसला. मामांनी दोरी गुंडाळायची थांबवली.

"डबीला मी शिवलो बी नाय. बोटीचं मशीन चालू केलं, तुला आणाया. येवढंच."

"सगळे असंच म्हणतात," असं मी म्हणालो. हे मला आजही ऐकू येतं.

सकाळी साहेबांच्या आधी मामा आले. मला वाटलं, आता शिव्या. ते म्हणाले, "चल. मी काठाला बसतो. तू एकला जा, तूच मशीन चालू कर. मंग बग."

मी एकटाच वल्ही मारत त्याच नांगरावर गेलो, यंत्रं नव्याने चालू केली. पडद्यावर ३.७. इंजिनाला किल्ली दिली. दिवे मंदावले, नवं यंत्र क्षणभर मेलं, पुन्हा जागं झालं. पडद्यावर ४.२.

स्टार्टर बॅटरी ओढत होता. तेवढ्यात नवं यंत्र गप्प झालं की पडदा दुभाष्याकडून जुन्याचा आकडा घेत होता आणि सगळं बंद-चालू होईपर्यंत तोच धरून बसत होता. चोर कोणी नव्हता. माझीच तार होती. आणि मामा एकटे असताना आकडा बदलायचा, कारण मला आणायला तेच तर इंजिन चालू करायचे!

पण दोघांच्यात अर्धा मीटरचा फरक का? मामांना काठावरून त्याच जागी आणलं. त्यांनी दोरी सोडली, गाठी मोजल्या. "तुज्या भाषेत सव्वाचार धर. त्या जुन्या म्हाताऱ्या यंत्राचंच खरं हाय."

"पण नवं यंत्र चुकीचं कसं असेल?"

"चुकीचं कोन म्हनतंय? दोरी मी पान्याच्या तोंडापासनं मोजतो. तुजं यंत्र कुठनं मोजतं?"

मी कडेची पहार पाहिली. यंत्राचा डोळा पाण्याखाली अर्धा मीटर. ते तिथून खाली मोजत होतं, वरचं पाणी सोडून. जुन्यात कोणीतरी कधीच ती भर घालून ठेवली होती. ट्रॉलरवर आम्ही ही भर घालतच नाही. बोट हाकणाऱ्या तांडेलाला बोटीखाली किती पाणी आहे तेवढंच हवं असतं. समुद्रावरची सवय मी धरणात आणली होती. नव्या यंत्रात अर्धा मीटर भरला, जीपवाल्याकडून जादा बॅटरी मागून तिच्यावर नवं यंत्र आणि पडदा लावला. इंजिन चार वेळा चालू-बंद केलं. ४.२, ४.२, ४.२, ४.२.

"आता जेव," मामा म्हणाले. "कालपासनं तोंड सुकलंय तुजं."

साहेब आले. पाच ठिकाणी दोरी टाकली, पाचही ठिकाणी आकडे जुळले. साहेबांनी पाठ थोपटली. "हुशार आहेस. काय होतं शेवटी?"

खरं सांगायचं तर वीज मी चुकीच्या बॅटरीवरून घेतली, मोजायचा पाया चुकलो आणि ते एका दोरीवाल्याने दाखवलं, असं सांगावं लागलं असतं. मग मालकांना फोन, मग आयटीआयचा कागद. घासायच्या बोटी डोळ्यांपुढे आल्या.

"किरकोळ होतं साहेब," मी म्हणालो.

साहेब मामांकडे वळले. "तुळशीराम, यापुढे यंत्रांना हात लावायचा नाही. कळलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेचकस पेटीत ठेवत होतो. ते "व्हय साहेब" म्हणाले आणि नांगर ओढायला गेले.

परतीच्या गाडीत घाट उतरताना मला मांडीवरच्या रिकाम्या पेटीचंही ओझं होत होतं. मालकांनी शब्द पाळला. घाटावरची कामं मला मिळाली, आज मुलांची फी त्याच कामांवर निघते. संशय घेताना चार माणसांसमोर घेतला, आणि तो खोटा ठरल्याचं मात्र एकालाही सांगितलं नाही.

मामा, तुम्ही वाचत नाही हे मला माहीत आहे. मी येणार आहे. ते साहेब बदलीवर जिथे असतील तिथून त्यांना शोधीन, त्या दोन मजुरांनाही, आणि त्याच काठावर सगळ्यांना उभं करून सांगीन की डबीला तुम्ही शिवलाही नव्हतात.