खिंडीतला एक तास

"माझं काम लोकांना खाली आणायचं, वर काय, ते स्वतःच जातात," असं मामा एकदा तक्रारवहीत सही करताना म्हणाले होते.

मामा म्हणजे आमच्या गिर्यारोहण कार्यालयातले सगळ्यात जुने वाटाडे. सख्खे मामा ते फक्त व्यवस्थापकाचे. त्याचं ऐकून आम्हीही तसंच म्हणू लागलो. एकतीस वर्षं ते लोकांना डोंगरावर नेत होते, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्यांपैकी निम्मे शिखर न पाहताच परतले होते. सगळेच्या सगळे परतले होते, हे लिहायला मात्र वहीत रकाना नव्हता.

शिखराखालच्या खिंडीत पोचलं की मामा सगळ्यांना तासभर बसवत. स्वतः शिखराकडे पाठ करून बूट सैल करत, उकडलेलं अंडं सोलत आणि पलीकडच्या दरीतून काय वर येतंय ते बघत राहत. तास संपला की "चला" म्हणत. कुठे, ते त्यांची पावलं वळली की कळायचं.

लोक वैतागायचे. "आम्ही चालायला आलो होतो, बसायला घरी सोफा आहे," असं एका गृहस्थांनी वहीत लिहिलं. एका बाईंच्या नवऱ्याचा वाढदिवस शिखरावर व्हायचा राहिला, तो म्हणे एका ढगापायी. "आणि ढगही लहानसाच," अशी त्यांनी खाली पुस्ती जोडली होती.

शेवटी व्यवस्थापक भाच्याने नवं वेळापत्रक काढलं. खिंडीतला तास उडाला. त्या जागी 'छायाचित्रे, दहा मिनिटे' आलं. हवामान मोबाइलकडे सोपवलं. तुकड्या न्यायला व्यायामशाळेतला एक शिक्षक आणला, ज्याचे दंड पाहूनच लोकांना धीर यायचा. आणि मामांचा सत्कार ठरवला, कारण कौतुक करत काढलं की माणसाला भांडता येत नाही.

"मामा, आता आराम करा."

"गुडघे कुणाचे दुखतात? तुझे की माझे?"

"तुमचे."

"मग कधी थांबायचं ते त्यांना ठरवू दे."

"पत्रिका छापून झाल्यात, मामा."

सत्काराच्या दिवशी कार्यालयातल्या हीटरवर वाळत टाकलेले मोजे घाईघाईने खोक्यात कोंबले गेले आणि खुर्च्या मांडल्या गेल्या. मामी पहिल्या रांगेत होत्या. भाच्याने भाषणात 'सावधपणा' हा शब्द नऊ वेळा वापरला. मग खास आकर्षण. शिक्षक पहाटेच आठ जणांना घेऊन वर गेला होता, आणि शिखरावरून तो बिनतारी संचावर शुभेच्छा देणार होता. संच ध्वनिक्षेपकाला जोडलेला होता.

"मामा, अभिनंदन. सगळे पोचलो. लख्ख ऊन आहे."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मामांनी संच जवळ ओढला.

"वारा कुठून येतोय?"

"वारा? सकाळपासून होता, आत्ता एकदम पडला. काडी पेटवली तरी विझत नाहीये."

आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"उतरा," मामा म्हणाले. "फोटो राहू देत. आत्ताच्या आत्ता उतरा."

"मामा, केक कापायचाय अजून."

सगळे हसले. भाचाही हसला, "सवय जात नाही हो," म्हणाला आणि संच बंद केला. मानपत्र वाचायचं राहिलं होतं.

त्या डोंगरावर वारा असा मध्येच पडतो तेव्हा तो गेलेला नसतो, बाजू बदलत असतो. पाऊण तासात तो पलीकडून गारा घेऊन येतो. खिंडीत बसणाऱ्याला ते येताना दिसतं. शिखरावरच्याला फक्त ऊन दिसतं. मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. डोंगराची धार पिवळट पडली होती.

मामींनी पिशवीतून गुडघ्याचा पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. "घट्ट बांधा," एवढंच म्हणाल्या.

"ज्यांनी आयुष्यात कधी घाई केली नाही..." भाचा वाचत होता.

मामा उठले. मानपत्र घ्यायला येताहेत असं वाटून आम्ही उभे राहिलो आणि जोरात टाळ्या वाजवल्या. ते टेबलाला वळसा घालून खुंटीपाशी गेले, दोर खांद्यावर टाकला, आणि दार उघडून बाहेर पडले.