आत्याच्या फ्लिप-फ्लॉपची रांग

हे खरं तर मी सांगायचं नाहीये. ऑफिसात बसू देताना आत्याने एकच अट घातली होती, "इथलं इथेच ठेवायचं, गार्गी." मी ठेवलंही. पण न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से भराभर साठतात, कारण कोपऱ्यात कुणी बसलंय हेच सगळे विसरतात! सर्किट कसं आहे ते मी सांगणार नाही, मला ते येतही नाही. माणसांचं तेवढं सांगते.

आत्याचं ऑफिस लोणावळ्यात, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. शाळा सुटली की मी तिथे गृहपाठ करते. तिथे चिप तयार होत नाही, फक्त आखली जाते. आत्या त्यातला अगदी छोटा भाग आखते, फ्लिप-फ्लॉप. एक फ्लिप-फ्लॉप एकच गोष्ट लक्षात ठेवतो, हो किंवा नाही. चिपच्या घड्याळाचा ठोका पडला की समोर जो सिग्नल असेल तो घेतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून बसतो. असे लाखो फ्लिप-फ्लॉप एका नखाएवढ्या चिपवर मावतात, आणि ठोके सेकंदाला कोट्यवधी! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कितीतरी वेळ माझ्या करंगळीच्या नखाकडे बघत बसले होते.

*

ऑफिसात चहा करणाऱ्या हिराबाई मावशी आंदर मावळातून येतात. त्यांनी एकदा आत्याला विचारलं, "एवढ्याशात काय ध्येनात ठेवतंय त्ये?"

"फक्त हो की नाही, मावशी."

"लय झालं की! आमच्या मालकास्नी तेवढंबी ठरवता येत न्हाई."

ऑफिसचे प्रमुख दामले सर म्हणाले, "मावशी, सिग्नल उशिरा आला की आमचा फ्लिप-फ्लॉपही असाच मध्ये अडकतो. ना हो, ना नाही."

"मंग काय करता?"

"वाट बघतो."

"मीबी तीस वर्सं त्येच करतीया!"

*

सिग्नल ठोक्याच्या थोडा आधी येऊन थांबलेला हवा. हे मला समजावायला सरांनी ऑफिसातल्या निखिलदादाला उभं केलं. तो घोरावाडीहून लोकलने येतो आणि रोज धावत गाडी पकडतो.

सर म्हणाले, "गाडी सुटताना फलाटावर पोहोचलेला माणूस आत की बाहेर?"

"सर, आज दोन्ही. बॅग आत, मी बाहेर."

त्या दिवशी बॅग लोणावळ्याला वेळेवर पोहोचली. दादा पुढच्या गाडीने आला!

*

एकदा आत्या तीन दिवस एक गळती शोधत होती. म्हणजे विजेची. सर्किट बंद असतानाही मीटरवर किंचित आकडा दिसायचा. सकाळी जास्त, दुपारी गायब, संध्याकाळी पुन्हा हजर. तिने सगळं सर्किट नव्याने तपासलं, जेवणही धड केलं नाही. चौथ्या दिवशी मावशी कप उचलायला आल्या.

"खिडकी लावा की, बाई. धुकं आत येतंय, समदं वलं हुतंय."

आत्याने खिडकी लावली, सर्किटचा बोर्ड पुसून वाळवला. आकडा गेला! बोर्डावर बसलेल्या धुक्यातूनसुद्धा वीज वाहते आणि ती मोजता येते, हे कळल्यावर मी हातातली पेन्सिलही हळूच खाली ठेवली.

*

आत्याला तिच्या नव्या फ्लिप-फ्लॉपची कल्पना मात्र घरी सुचली. ती दर तासाला विचारायची, "गार्गी, दूध?" मी दर वेळी "नको" म्हणायचे. शेवटी ती वैतागली. "रोज तेच उत्तर! आता बदल झाला तर तूच सांग, मी विचारायला उठणार नाही."

एवढं बोलून ती गॅसवरच्या पातेल्यासमोर तशीच उभी राहिली. साधा फ्लिप-फ्लॉप उत्तर तेच असलं तरी प्रत्येक ठोक्याला उठतो आणि वीज खातो. बदल असेल तरच उठला तर? दूध उतू गेलं, तिने पाहिलंही नाही.

सरांना शंका होती. "बदल झालाय का हे बघण्यातच वेळ जाईल. वीज वाचेल, वेग जाईल."

आत्या कितीतरी महिने तो वेग परत मिळवत होती. एका संध्याकाळी तिने फ्लिप-फ्लॉपमधले दोन ट्रान्झिस्टर कमी केले म्हणून पेढे आणले. दोन! शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे, वैशाली. चिपच्या कोपऱ्यात तुझी एक रांग टाकू. चालली तर पुढच्या चिपवर सगळीकडे तुझेच फ्लिप-फ्लॉप. नाही चालली तर विषय बंद."

*

चिप बनून आली तो दिवस. आत्याच्या रांगेचं काम सोपं होतं, सेकंदाला एक आकडा पुढे मोजायचा. बॅटरी लावली. सगळे मीटरवर वाकले. किती वीज घेते?

शून्य.

वायर बदलल्या. शून्य. निखिलदादाने मीटरला टिचकी मारली. शून्यच.

"काहीच घेत नाहीये, मेलीये," सर हळू आवाजात म्हणाले. आत्याने बॅटरी काढली. तिचे कान लाल झाले होते.

रांगेचे आकडे दाखवणाऱ्या लॅपटॉपचा पडदा माझ्या बाजूला वळलेला होता. मी म्हटलं, "आत्या, आकडे पुढे जातायत."

सर म्हणाले, "आधी ती बॅटरी काढ, मग बघू."

आत्याने मूठ उघडली. "बॅटरी इथे आहे, सर."

पडद्यावर दोनशे सहा. दोनशे सात. सर गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली शिरले.

मावशींनी विचारलं, "काय हरवलं?"

"वायर!"

"कंची?"

"ही चिप जिच्यावर चालतेय ती!"

वायर नव्हती. बॅटरी काढल्यावर बोर्डात उरलेल्या चिमूटभर विजेवरच रांग मोजत होती, मीटरला दिसणारही नाही इतकी कमी वीज खात. सर बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग टेबलाखालूनच आवाज आला, "वैशाली, तुझी रांग ठेवायची. सगळीकडे."

आत्या खाली फरशीवर बसली. मावशींची बस गेली, त्याही पदर खोचून बसल्या. तीनशे. चारशे. आणि शेवटी आकडा जिथे थांबला, तो

"गार्गी! काय लिहितेस गं मघापासून? दाखव बघू!"

काही नाही आत्या, गृहपाठ, मी फक्त