सात नंबरची लॅडल

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण खरं सांगायचं तर हसायला येत होतो. चकवा, पैंजणांचा आवाज, वळणावरची बाई... प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर तयार असायचं. मी वेबसाइट बनवतो. माझ्या धंद्यात आपोआप काही होत नाही. कुठंतरी चूक असते आणि ती आज ना उद्या सापडते. ही एक सापडली नाही, म्हणून लिहितोय.

मंगळवार पेठेत वर आमचं घर आणि खालच्या खोलीत माझं ऑफिस. माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहेत. त्यांच्या ओळखीनं तिथलं काम मिळालं... कागदी तपासणीऐवजी टॅबवर भरायचा फॉर्म. लोखंड ओतण्याआधी सुपरवायझरनं तीन-चार गोष्टी भरायच्या. सगळे रकाने हिरवे झाले की ओतायचं. त्यात एक रकाना लॅडलचा. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीपासून साच्यापर्यंत नेणारी, क्रेनला टांगलेली मोठी बादली. बाहेरून जाड पत्रा, आतून उष्णता सोसणाऱ्या मातीचं अस्तर. प्रत्येक लॅडलला नंबर असतो.

तो नंबर नीट भरलाय का हे बघायला मी रेगेक्स लावला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — रेगेक्स म्हणजे कोडमधली एक छोटी ओळ. भरलेला मजकूर ठरलेल्या रूपात आहे का, एवढंच ती बघते. माझी ओळ म्हणत होती : आधी एलडी, मग आडवी रेघ, मग दोन आकडे. कुठलेही दोन. लॅडल म्हणजे काय, लोखंड म्हणजे काय, तिला काही ठाऊक नाही. चार आणि सात तिला सारखेच.

काही महिने फॉर्म सुरळीत चालला. मग एकदा भर सकाळी, कामाच्या वेळेत, दाजींचा फोन आला. मागे भट्टीचा आवाज, त्यामुळं ते ओरडूनच बोलत होते. सात नंबरची लॅडल क्रेनला लागलीय, भट्टीत माल तयार आहे, आणि फॉर्म सात नंबर घेत नाही. रकाना लाल होतोय.

मी म्हटलं स्पेस पडली असेल, नाहीतर कीबोर्ड मराठीवर गेला असेल. दाजींनी पुसून परत टाकलं — लाल. चार नंबर टाकायला लावला — हिरवा. पाच — हिरवा. सात — लाल. इकडं माझ्या लॅपटॉपवर सात टाकला, तर मुकाट्यानं हिरवा.

तेवढ्यात मालकांनी फोन घेतला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. एरवी बोलावून चहा पाजणारा माणूस, पण तयार माल भट्टीत ताटकळत ठेवणं कुणाला परवडत नाही. ते म्हणाले, तुमची ती तपासणी काढून टाका, बाकीचं मागनं बघू. बरोबर होतं त्यांचं. मी ती ओळच काढली. आता त्या रकान्यात काहीही टाकलं तरी हिरवंच व्हायला हवं. दाजींना पान नव्यानं उघडायला लावलं, माझं नाव टाकायला सांगितलं — हिरवं झालं.

सात नंबर टाकला. लाल.

तपासणारी ओळच नाही, मग लाल करतंय कोण...?

बसवेना. गाडी काढली, पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोली गाठली. शेडमध्ये टॅबवर मी स्वतःच्या बोटानं नंबर टाकला. लाल. माझ्या मोबाइलवर फॉर्म उघडला. तिथंही लाल. नेटवर्कची भानगड असेल म्हणून तोच मोबाइल घेऊन गेटवर वॉचमनच्या केबिनपाशी गेलो, तर हिरवा. परत आत आलो, क्रेनखाली लटकलेल्या त्या लॅडलपाशी उभा राहिलो... लाल. मी वेड्यासारखा आत-बाहेर करत होतो आणि कामगार माझ्याकडं बघत होते.

दाजी वैतागले. फॉर्म राहू दे, मी कागदावर सही करतो आणि ओततो, म्हणाले.

"दाजी, नका ओतू," मी म्हणालो. "दुसरी लावा."

"का? कारण सांग की."

"कारण न्हाय."

खरंच नव्हतं. मला कसला भास झाला नाही, कुणी कानात सांगितलं नाही. फक्त त्यांनी सही करू नये, एवढंच वाटत होतं. अण्णांनी क्रेनवाल्याला हातानंच खूण केली — सात नंबर खाली घे. चार नंबर लावेपर्यंत माल परत तापवावा लागला. मान खाली घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी स्वतः आले. वर न जाता खालीच माझ्या ऑफिसात बसले. लॅडल उतरवलीच आहे तर अस्तर बदलून घेऊ म्हणून फोडलं होतं. वरून अस्तर चांगलं दिसत होतं. पण तळाजवळ एक बारीक चीर होती, आणि तिच्यामागचा पत्रा आतून झिजून पापडासारखा झाला होता.

"भरली असती तर तळच गेला असता," दाजी म्हणाले. "आणि मी तिच्या बाजूलाच उभा असतोय." मग म्हणाले, "तुझ्या ताईला बोलू नगंस."

अजून बोललेलो नाही. ती हे वाचत नाही, हे बरं आहे.

नवं अस्तर झाल्यावर सात नंबर पहिल्या फटक्यात हिरवा झाला. मी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी चाळल्या, काही नाही. पुण्यातल्या एका सीनियर मित्राला कोड दाखवला. तो म्हणाला, टॅबमध्ये जुनं पान अडकलं असेल. पण जुन्या पानानंही सात घ्यायलाच हवा होता ना? काढलेली ओळ मी परत घातली आणि विषय संपला असं स्वतःला सांगितलं.

संपला नव्हता. पुढं एकदा अण्णांचा फोन आला. आवाज एकदम शांत. पाच नंबर लाल झालाय, क्रेन थांबवलीय, माणसं बाहेर काढलीत.

"तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "ओतू का नको?"

मी टॅबवरचा फोटो मागवला. पाचाआधीच्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला होता. साधी चूक, माझ्या ओळीनं नीट पकडलेली. ओता म्हणालो... आणि ओतून होईपर्यंत फोन कानाला लावून खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो. काही झालं नाही. माल चांगला निघाला. पण त्या वेळात मी काय सोसलं ते मलाच माहीत.

नंतर अण्णा म्हणाले, तुमची तपासणी कायमची काढा. म्हणजे लाल झालंच, तर ते तुमचं नसणार.

मी काढली. आज त्या रकान्याला कसलीही तपासणी नाही. कोडच्या हिशेबानं तो लाल होऊच शकत नाही. तरी दाजी सांगतात, ओतण्याआधी नंबर टाकला की शेडमधली सगळी माणसं हातातलं काम थांबवून त्या टॅबकडं बघतात. हिरवं झालं की मगच क्रेन हलते.

अजून तरी हिरवंच होतंय. मला यातलं काही उलगडलेलं नाही. कुणाला उलगडलं तर सांगा... फक्त टॅबमध्ये जुनं पान अडकलं असेल, असं म्हणू नका.