दीड महिना चपाती

आमच्या भिवपुरीच्या घरी भात आणि तांदळाची भाकरी. चपातीचं खूळ माझं. मुलगी चार वर्षांची झाली तरी अंग धरेना, म्हणून म्हटलं गहू पोटात जाऊ दे. झालं उलटंच. पोट टम्म फुगायचं, दिवसातून पाच-पाचदा जुलाब, हातापायांच्या काड्या. शेवटी सासूबाईंनी माझ्यापुढची परात उचलली. "बास झालं तुजं. भाकरी खाऊ दे तिला." महिन्याभरात पोरगी अंगणात धावायला लागली. मी चरफडले, पण त्यांचं बरोबर होतं.

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, तर त्यांना सिलिॲकचा संशय आला. हा आजार असला तर गव्हानं आतडं खराब होतं, रक्त तपासून कळतं, म्हणाल्या. मी लगेच मुलीची बाही वर केली. त्यांनी ती खाली केली. गहू बंद आहे तोवर तपासणीत काही दिसणार नाही. दीड महिना रोज चपाती द्या, मग या. फार त्रास झाला तर लगेच आणा.

"जिच्यानं आजारी पडते तीच खायला घालू?" मी जरा तोडूनच विचारलं.

"नाहीतर नक्की काय आहे ते कधीच कळणार नाही," त्या म्हणाल्या.

घरी सासूबाईंचा एकच प्रश्न. "पोर बरी हाय ना? मग कागद कशाला पायजे?" नवरा म्हणाला, डॉक्टर सांगतात तर द्यायची. त्याला काय, तो सहाला कामावर जायचा. भरवायची मला होती.

आठवड्यातच पोट फुगलं. रात्रभर कळ यायची आणि सकाळी मी पुन्हा घास पुढे धरायचे. तिनं तोंड फिरवलं की ओरडायचे. एकदा गाल दाबून घास कोंबला. सासूबाई उठून पडवीत गेल्या. मला माझीच किळस आली, तरी दुसऱ्या दिवशी पीठ मळलंच.

दीड महिन्यानं रक्त दिलं आणि त्यात आजाराची खूण आली. आता सुटलो असं वाटलं. तर खात्रीसाठी पनवेलला तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायचा होता. तारीख तीन आठवड्यांनंतरची, आणि तोवर गहू थांबवायचा नाही.

रिपोर्ट घेऊन कर्जतला आम्ही रिक्षात बसलो, तेव्हा ती म्हणाली, "आई, त्या दिवशी सुई टोचली तरी मी रडले नाय. आता मला पण सगळ्यांसारखी भाकरी देशील?"

"अजून थोडे दिवस चपातीच, बाळा."

"काय केलं मी?"

काहीच नाही गं, तुझी काही चूक नाही, असं मी घरी पोचेपर्यंत सांगत राहिले. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधात चपाती कुस्करत होते, तर न बोलावता समोर येऊन बसली.

"सगळी खाते," ती म्हणाली. "मग तू रागावणार नाय ना?"