उरलेल्या सात विड्या

“सात उरल्या. एकीची तरी जुडी कमी भरलीय. उद्यापासून दोघींनी यायचं नाही,” विडी कारखान्यातला चेकर म्हणाला. माझ्या आणि माझ्या जावेच्या, शकूच्या, सगळ्या जुड्या सोडून त्याने एकाच सुपात ओतल्या आणि पंचवीस-पंचवीस करून मोजल्या होत्या. शकू रडायला लागली.

मी म्हटलं, “दादा, माझ्या जुड्या पंचवीस-पंचवीसच्या पुऱ्या, तिच्याही पुऱ्या. मग एकत्र केल्यावर उरतील कशा? तुमची छाट मोजा.”

वाईट वळलेल्या विड्या तो मोजतामोजता बाजूला फेकत होता. त्या अठरा निघाल्या. अठरा आणि सात, पुऱ्या पंचवीस.

“लई शहाणी!”

“चौथी शिकलेय.”

आज नात वहीत हेच सिद्ध करत बसली आहे. दोन संख्यांना एकाच संख्येने पूर्ण भाग जात असेल, तर त्यांच्या बेरजेलाही जातो. तिला अर्धं पान लागलं. बरोबर आहे तिचं. आम्हाला फक्त पंचविसाचं ठाऊक होतं, तिने साऱ्याच संख्यांचं सांगितलं.

कारखाना काही चांगला नव्हता. तंबाखूने छाती भरायची. तरी शकूच्या मांडीला मांडी लावून बसायची ती जागा आठवते. त्या सुपापुढे दोघी उभ्या होतो. शकू गेली. उरले ती मी.